फुटलेला बंपर, घरचा जोड: माझा अनुभव

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री कुणाची तरी गाडी लागली आणि आमच्या जुन्या चंदेरी वॅगन आरचा पुढचा बंपर डाव्या कोपऱ्यात फाटला. फॉग लॅम्पच्या खालून चाकाच्या कमानीपर्यंत चांगला वीतभर तडा, शिवाय फेंडरला धरून ठेवणारा एक कान तुटलेला. नवा बंपर, रंग, मजुरी धरून गॅरेजवाल्याने साडेसात हजार सांगितले. कोपऱ्यावरचा डेंटर-पेंटर तीन हजारांत करायला तयार होता, पण त्यानेच वर सांगितलं, "साहेब, जोडाची गॅरंटी नाही हां. नवीनच टाका."

क्लेमचा विचार केला आणि लगेच सोडला. विम्यात प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. तो वाचवणारं झिरो डेप (झिरो डेप्रिसिएशन) कव्हर इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. छोट्या इंजिनाच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये आपल्याच खिशातून जातात. सगळ्यात महाग पडतो तो नो क्लेम बोनस: सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते, आणि एका बंपरपायी ती शून्यावर येते. हिशेब मांडला तर विमा कंपनीकडून मिळणारे पैसे दोन-तीन नूतनीकरणांत परत तिलाच द्यायचे, असा प्रकार.

तर घरीच करायचं ठरलं. पण सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी एक गोष्ट पाहायलाच हवी. बंपर म्हणजे वरचं आवरण. धक्का घेणारे भाग त्याच्या मागे असतात. टॉर्च लावून मागचा पत्रा आणि रेडिएटरचा सपोर्ट नीट पाहिला. तिथे काही वाकलं असतं तर हा उद्योग केला नसता. नव्या गाड्यांत बंपरमागे रडार किंवा सेन्सर असतात. तिथल्या तड्याला घरी हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या गाडीत असलं काही नाही, ही जुन्या गाडीची श्रीमंती.

बंपर काढायला वेळ लागत नाही, धीर लागतो. वरून प्लास्टिकच्या क्लिपा, खालून १० नंबरचे बोल्ट, दोन्ही चाकांच्या कमानीत एकेक स्क्रू. क्लिपचं मधलं बोंड आधी उचलायचं, मग क्लिप. उलट केलं की तुटते. फॉग लॅम्पचा कनेक्टर लॉक दाबून सोडवला. दुसरं टोक लेकीने धरलं होतं. शेवटची ओढ देताना "बाबा, तुटेल ना!" असं ती ओरडली, इतका कडकड आवाज येतो. नंबर प्लेट मात्र जागच्या जागी राहू दिली. एचएसआरपीचे, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचे, स्नॅप लॉक एकदाच बसतात, काढायला गेलं की तोडावेच लागतात, आणि मग नव्या लॉकसाठी पुन्हा खेपा. प्लेटवर वर्तमानपत्र आणि मास्किंग टेप लावून टाकली.

आता खरं काम. बंपर उलटा केला की आतल्या बाजूला कुठेतरी बारीक ठशात प्लास्टिकची जात लिहिलेली असते. आमच्यावर होतं: पीपी + ईपीडीएम, पुढे टीडी २०. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात लवचीकपणासाठी रबर आणि २० टक्के टाल्क पावडर. या अक्षरांवर पुढचं सगळं अवलंबून असतं. शेजारच्या काकांनी पार्किंगमध्येच सल्ला दिला होता, "अरे, फेविक्विक टाक आणि वर खायचा सोडा भुरभुर, दगड होतो." होतो खरा, पण पीपीला तो धरत नाही. पीपीचा पृष्ठभाग तेलकट स्वभावाचा. झटपट गोंद, इपॉक्सी, एम-सील, सगळं त्याच्यावर नुसतं बसून राहतं आणि पहिल्या गतिरोधकाला पापुद्र्यासारखं सुटतं. एबीएस नावाचं प्लास्टिक असतं तर अ‍ॅसिटोनने विरघळवून जोडता आलं असतं, पीपीवर अ‍ॅसिटोनचाही परिणाम नाही. त्याला खात्रीचा उपाय: वितळवून त्याच जातीचं प्लास्टिक त्यात मिसळणं.

त्याच जातीचं म्हणजे अगदी त्याच. बरेच जण केबल टाय वितळवून भरतात. ती नायलॉनची असते. दिसायला भरल्यासारखी दिसते, पण पीपीशी एकजीव होत नाही. पीपीच्या कांड्या ऑनलाइन मिळतात. मी त्या मागवल्या नाहीत. त्याच डेंटरकडे भंगारात पडलेल्या एका बंपरचा कोपरा मागितला, त्यावरचा ठसा वाचून घेतला आणि घरी येऊन त्याच्या रंग खरवडलेल्या पट्ट्या कापल्या. पैसे त्याने घेतले नाहीत, फक्त "बघा बुवा" म्हणाला. पाण्यात तरंगलं की पीपी, ही कसोटी काही जण सांगतात; टाल्क मिसळलेल्या पीपीला ती लागू पडेलच असं नाही. ठसा वाचावा हे उत्तम.

आतून तडा साबणाच्या पाण्याने धुतला, वाळवला, थिनरच्या फडक्याने पुसला. तड्याच्या टोकाशी ३ मिमीचं छोटं भोक पाडलं. न पाडलं तर तडा जोडाच्या पुढून पुन्हा चालायला लागतो. गोल भोकात ताण एका टोकाशी साचत नाही. मग बाहेरच्या बाजूने दोन्ही कडा एका पातळीत आणून ॲल्युमिनियमची टेप घट्ट लावली. इथे घाई करायची नाही. कडा अर्ध्या मिलिमीटरने जरी खालीवर राहिल्या तरी रंग लागल्यावर त्या लांबून दिसतात, कारण चंदेरी रंग उजेड झेलतो.

सोल्डरिंग आयर्न ६० वॅटचं, टोक चपटं. हे टोक पुन्हा सर्किटच्या कामाला वापरू नये. आधी तड्यावर बोटभर अंतराने टाके मारले, म्हणजे कडा हलणार नाहीत. नंतर तड्याच्या रेषेवर इंग्रजी व्हीच्या आकाराची चर पाडली. बंपरची जाडी जेमतेम ३ मिमी, म्हणून चर अर्ध्या जाडीपर्यंतच. त्याहून खोल गेलं तर बाहेरचा रंग फुगतो. या चरीत पट्टी आणि तळ दोन्ही एकाच वेळी वितळले पाहिजेत. वितळलेलं नुसतं वर ओतलं तर तो लेप होतो, जोड होत नाही. पीपी १६५ अंशांच्या आसपास वितळतं आणि आयर्नचं टोक त्याच्या कितीतरी वर तापतं, त्यामुळे धूर दिसला की टोक उचलायचं. बरोबर तापलेलं प्लास्टिक यंत्रातून उतरणाऱ्या पुरणासारखं मऊ पण धरून असतं. तपकिरी झालं की ते जळालं, खरवडून काढायचं. हे गच्चीत केलं, मास्क लावून. बंद खोलीत करण्याचं धाडस कुणी करू नये.

त्यावर जाळी. प्लास्टिक वेल्डिंगसाठी खास स्टीलची जाळी विकत मिळते, पण हार्डवेअरच्या दुकानात खिडकीला डासांसाठी लावतात ती स्टेनलेस स्टीलची जाळी असते, तिचा उरलेला तुकडा पन्नास रुपयांत मिळाला. फायबरची घ्यायची नाही, ती आयर्नखाली टिकत नाही. तड्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर जाईल इतकी पट्टी कापली, आयर्नने दाबत प्लास्टिकमध्ये बुडवली आणि वरून वितळलेल्या पट्टीचा थर दिला. तार उघडी राहता कामा नये. हा जोड पूर्ण गार झाल्यावर दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. आजूबाजूचा बंपर वाकला, जोड ताठ राहिला. तुटलेला कान याच पद्धतीने उभा केला: भंगारातल्या कोपऱ्याचा मूळ कानच कापून घेतला, त्यामुळे भोक आणि आकार मोजत बसावं लागलं नाही.

बाहेरच्या बाजूला फक्त उथळ चर आणि पातळ भराव. पण पीपी घासायला चिवट. कोरडा पेपर मारला की लव उठते आणि जितकं घासावं तितकी वाढते. यावर इलाज म्हणजे आधी ब्लेडने उंचवटा तासायचा, मग पाणी घेत ३२० चा वॉटर पेपर, शेवटी ६००. लांबी, म्हणजे खाचा बुजवायची पुट्टी, घेताना प्लास्टिकसाठीची लवचीक मागावी. पत्र्याची लांबी बंपरवर तडकते.

रंगात स्वस्ताई संपते, हे आधीच सांगतो. माझ्या एकूण चौदाशे रुपयांतले साडेअकराशे प्लास्टिक प्रायमर, रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) यांतच गेले. जोडाला लागलेलं सामान अडीचशेच्या आत. प्लास्टिक प्रायमर वगळू नये, त्याशिवाय पीपीवरचा रंग नखाने निघतो. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो. आमचा सिल्की सिल्व्हर, झेड टू एस. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानदाराने कोड विचारून डबा काढून दिला आणि वर सांगितलं, "नवा रंग जरा उजळ दिसणार, उन्हात जुना झालेला आहे तो." तसाच दिसतो. चंदेरी रंगातले धातूचे कण फवाऱ्याच्या अंतरानुसार आडवे-उभे बसतात, म्हणून हात जवळ गेला की डाग गडद होतो. २५ ते ३० सेंटिमीटरवरून, पातळ थर, प्रत्येक थरामध्ये दहा-पंधरा मिनिटं. मध्येच रंग तोडायचा नाही, बंपरच्या एखाद्या नैसर्गिक घडीपर्यंत न्यायचा, म्हणजे फरक घडीत लपतो.

बसवताना आधी फॉग लॅम्प जोडून पेटवून पाहिला, मग फेंडरकडचे कान अडकवले, आणि बोल्ट सगळे लागल्याशिवाय एकही पूर्ण आवळला नाही.

पावसाळा त्याच रस्त्यांवरून, त्याच खड्ड्यांतून गेला. जोड आतून हात फिरवून तपासला, तो आहे तसा आहे. कमानीच्या कडेला क्लिअरचा नखाएवढा पापुद्रा उडालाय, आणि जवळ उभं राहिलं तर रंगातला फरक कळतो. काकांना मात्र अजून वाटतं की आत सोडाच आहे.