एमपी-थ्री नको, मूळ फाइल द्या

आजीच्या एका ओवीवर मी कॉम्प्युटरवर साडेसहा मिनिटांची रचना केली. रचना तीन आठवड्यांत झाली, पण आजीचा आवाज नीट हातात यायला पाच महिने गेले. तो राग अजून उतरलेला नाही.

तिचं गाणं एका संस्थेने गावात येऊन टेप केलं होतं. अर्ज, वारसाचा पुरावा, फी सगळं सुरळीत झालं आणि सीडी मिळाली. त्यात 32 केबीपीएसची, म्हणजे फारच दाबून लहान केलेली एमपी-थ्री! आजी ऐकू आली, डोळे भरून आले. पण मला तिचा ‘माउली’ हा एक शब्द ताणून अर्ध्या मिनिटाचा करायचा होता. ताणला की आजी पाण्याखालून बोलतेय असं वाटायचं. कानाला जाणवणार नाही असा भाग टाकून देऊन एमपी-थ्री लहान होते, आणि आवाज ताणला की नेमकी तीच भोकं उघडी पडतात.

परत संस्थेत गेले. तिथे म्हणाले, “ऐकू येतंय ना? मग दुसरी कॉपी कशाला?” अर्जात ‘कारण’ लिहायला एक ओळ होती. ‘आवाजाचे पृथक्करण’ लिहिलं, तर अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला. तिथले साहेब रजेवर. ते आले तर म्हणाले, सगळ्या वारसांच्या सह्या आणा. गाणाऱ्याचा हक्क कायद्याने 50 वर्षं राहतो, तेव्हा हे मला मान्य होतं, पण पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? मामा सुरतला, मावशी गावी. सह्या झाल्या तर मधल्या काळात अर्जाची फाइल हरवली. सहा खेपा घातल्या. शेवटी तिथल्या रेकॉर्डिंग विभागातल्या एका मुलाला एमपी-थ्रीतला साधा आणि ताणलेला असे दोन्ही आवाज हेडफोनवर ऐकवले. त्याने त्याच दुपारी मूळ टेपवरून डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाजातलं काही न टाकलेली फाइल काढून दिली.

म्हणून पहिल्याच अर्जात ‘डब्ल्यूएव्ही, मूळ प्रतीवरून’ असं स्पष्ट लिहा.

पुढचं काम एलपीसी (लिनिअर प्रेडिक्टिव्ह कोडिंग) या तंत्राने केलं. यात गळ्यातला कंप आणि तोंडाचा आकार वेगळे काढता येतात, त्यामुळे सूर न बदलता शब्द लांबवता येतो. अमेरिकन संगीतकार पॉल लॅन्स्की यांनी 1978-79 मध्ये पत्नी हॅना मॅके यांच्या काव्यवाचनावर हेच तंत्र वापरलं होतं. हे करणारं ‘प्रात’ (Praat) सॉफ्टवेअर फुकट आहे. फाइलचा सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो) आधी 11,025 हर्ट्झवर आणा, तोंडाचा आकार सांगायला 12 ते 14 कोइफिशियंट, म्हणजे आकडे, पुरतात.

हो, एक राहिलंच. मागे जात्याची घरघर असेल तर मशीनला ‘स’ आणि ‘श’सुद्धा गळ्यातल्या कंपाचे वाटतात आणि ते भुंग्यासारखे गुणगुणतात. ते तुकडे हाताने निवडून तिथे फक्त हवेचा आवाज भरावा लागतो. माझे दोन दिवस त्यातच गेले.

‘माउली’तला ‘उ’ आता नऊ सेकंद चालतो. त्यानंतर आजी श्वास घेते, तो मी कापलेला नाही.