हतनूरच्या काठावर 55 आणि 88

भुसावळजवळचा हतनूरचा जलाशय नुसत्या दुर्बिणीने बघून होत नाही. तापी आणि पूर्णा जिथे भेटतात त्या चांगदेवपासून खाली धरणाच्या 41 दरवाजांपर्यंत पाणी पसरलेलं, आणि बदकं काठापासून लांब, मधल्या उथळ पट्ट्यांवर. 8 बाय 42 च्या, म्हणजे 8 पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत ती म्हणजे काळ्या ठिपक्यांची एक ओळ. म्हणून या जानेवारीत आम्ही दोघं मित्र दोन स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायच्या जास्त पटीच्या दुर्बिणी, घेऊन गेलो. माझा कोवा टीएसएन-553, त्याचा टीएसएन-883. कंपनी एक, दोन्हींच्या भिंगात फ्लोराइट स्फटिक, दोन्ही तिरक्या आयपीसचे, म्हणजे डोळा लावायचं भिंग तिरकं असलेले. फरक आकाराचा: एकाचं पुढचं भिंग 55 मिलिमीटर, दुसऱ्याचं 88.

भुसावळहून अंधारातच निघालो. उन्हाळ्यात 45 अंशांच्या पुढे जाणारा हा मुलूख जानेवारीच्या पहाटे दात वाजवायला लावतो. तापी पश्चिमेला वाहते, त्यामुळे सकाळी संगमापाशी उभं राहून खालच्या अंगाला पाहिलं की सूर्य पाठीशी येतो आणि पक्ष्यांचे रंग खरे दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने एवढं तरी लक्षात ठेवावंच. पाठीमागे चांगदेवाचं हेमाडपंती देऊळ आणि समोर चक्रवाकांची ओरड. अशी जागा खानदेशात दुसरी नाही, असं मी बेधडक म्हणेन.

उजाडता उजाडता पहिली परीक्षा झाली ती टिलव्यांवर. चिखलात चिमुकले पाणपक्षी पळत होते, आणि छोटा टिलवा की टेमिंकचा टिलवा हे ठरवायला पाय बघावे लागतात: पहिल्याचे काळे, दुसऱ्याचे पिवळट-हिरवट. दोन्ही स्कोप 30 पटीवर ठेवले. 883 मध्ये पायांचा पिवळटपणा सरळ दिसला. माझ्यात पाय दिसत होते, रंग नाही. कारण साध्या भागाकाराचं आहे. भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळतो. 88 भागिले 30 म्हणजे जवळजवळ 3 मिलिमीटर, 55 भागिले 30 म्हणजे 1.8. पहाटेच्या प्रकाशात हा फरक फार मोठा. मोठं भिंग छोट्याच्या अडीच पट प्रकाश गोळा करतं, आणि पहिला तासभर ते पदोपदी जाणवलं.

ऊन वर आलं तशी माझ्या स्कोपमध्येही पायांचे रंग उघडले. थापट्याची पसरट चोच, तलवार बदकाची टोकदार शेपटी, मोठ्या लालसरीचं नारिंगी डोकं, सगळं स्वच्छ. या वेळेला दोन आयपीसवर आलटूनपालटून डोळा लावला तरी कुठला कुठला हे सांगायला मला विचार करावा लागत होता.

मग हवा हलायला लागली. साडेदहा-अकरानंतर गाळपेरीच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरतात त्या गाळाच्या उघड्या जमिनीवरून आणि पाण्यावरून अशी लहर उठते की लांबचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. मित्राने 883 पूर्ण 60 पटीवर नेला. पट्टकादंब या हंसाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोठे झाले आणि एकमेकांत मिसळले. 35 वर परत आणल्यावर मोजता आले. माझ्या 553 ची मजल मुळात 15 ते 45 पटीची, आणि दुपारी तीसुद्धा पूर्ण वापरता आली नाही. स्कोप घेताना लोक आधी 60 की 70 विचारतात. हतनूरवर निम्मा दिवस हा आकडा हवाच ठरवते. भिंग कितीही उत्तम असो, मधली तापलेली हवा त्याला साफ करता येत नाही. मंगोलियात मानेला क्रमांकाचा पट्टा घातलेले पट्टकादंब भारतात दिसलेले आहेत, आणि तो क्रमांक वाचायचा म्हणजे सकाळचे पहिले दोन तासच. तेव्हा मात्र 88 हवा.

एक मासेमार दादा होडी लावून वर आले. "काय पाहून राहिले भो?" मी स्कोप खाली बसवून 15 पटीवर केला, म्हणजे नजरेत जास्त मुलूख येतो आणि सवय नसलेल्यालाही पक्षी लगेच सापडतो. त्यांनी बराच वेळ पाहिलं. पाणी ओसरलं की हे हंस गाळपेरीतल्या हरभऱ्यात उतरतात, आता त्या पलीकडच्या चरात असतील, असं त्यांनी हात करून दाखवलं. थवा तिथेच निघाला. इतकी नेमकी माहिती आम्हाला कुठल्याही स्कोपने दिली नसती.

दुपारी सावद्याच्या बाजूला भरीत आणि कळण्याची भाकरी. त्याबद्दल लिहायला बसलो तर स्कोप राहून जाईल.

दुसऱ्या दिवशी सातपुड्यात, पालच्या बाजूला. मनात अर्थातच रानपिंगळा हे दुर्मिळ छोटं घुबड होतं. 1884 नंतर ज्याची खात्रीची नोंद नव्हती आणि 1997 मध्ये जो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो आपल्याच खानदेशातला पक्षी, यावल अभयारण्यातही नोंदवलेला. इथे चढ, सागाची पानं, दगडी नाले. 883 आयपीससकट पावणेदोन किलोच्या वर जातो, शिवाय त्याला तोलाचा जड ट्रायपॉड लागतो. हलक्या ट्रायपॉडवर वाऱ्याने चित्र नाचतं. 553 सुमारे 800 ग्रॅमचा. मित्राने त्याचा गाडीतच ठेवला.

निष्पर्ण सागावर भर दिवसा एक घुबड बसलेलं दिसलं. जवळ जायचं नाही असं आधीच ठरलं होतं. रानपिंगळा संख्येने इतका कमी आहे की त्याला फांदीवरून उठवून काढलेला फोटो मला नकोच. लांबूनच 25 पटीवर डोकं पाहिलं. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो, याचा पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला. साधा पिंगळा. मित्राने डोळा लावून खात्री केली आणि वहीत तसंच लिहिलं. मी ट्रायपॉड मिटवून स्कोप खांद्यावर टाकला आणि आम्ही पुढच्या नाल्याकडे निघालो.