आमची वाटचाल : समर्थित यादीबाहेरची साठवणूक उपकरणे लिनक्सवर चालवताना

आमचा व्यवसाय एका मर्यादित कामाभोवती उभा राहिला आहे. रेड कार्डे (अनेक डिस्का एकत्र बांधणारी), एसएएस कंट्रोलर (सर्व्हरच्या डिस्का जोडणारी कार्डे), डिस्कांची कपाटे अशी जी साठवणुकीची उपकरणे उत्पादकाच्या किंवा लिनक्स वितरणाच्या (लिनक्सच्या तयार संचाच्या) समर्थित यादीत नाहीत, ती लिनक्सवर आणि काही वेळा फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीवर भरवशाने चालवून देणे, हे ते काम. सुरुवातीला आम्ही सर्व्हर दुरुस्ती आणि बॅकअप यांची सर्वसाधारण कामे करत होतो. मोठ्या संस्थांनी वापरातून काढलेले सर्व्हर लहान संस्था घेत, त्यांवर लिनक्स बसवायला सुरुवात करत आणि डिस्क निवडण्याच्या पडद्यावर पोहोचल्यावर तिथे एकही डिस्क नसे. यंत्र धडधाकट, डिस्कांचे दिवे लागलेले, आणि तरीही यादी रिकामी. कार्ड फेकून नवे घ्या, असा सल्ला त्यांना सगळीकडे मिळालेला असे. तो आम्हाला पटत नव्हता, कारण तेच कार्ड त्याच डिस्कांसह आदल्या महिन्यापर्यंत दुसऱ्या प्रणालीवर अहोरात्र काम करत होते.

या कामात पहिला प्रश्न एकच असतो, तो म्हणजे दोरी नेमकी कुठे तुटली आहे. प्रत्येक पीसीआय कार्ड आपल्या उत्पादकाचा आणि आपला स्वतःचा क्रमांक सांगते. कर्नेलमधल्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातल्या, प्रत्येक ड्रायव्हरकडे (उपकरण हाताळणाऱ्या भागाकडे) त्याला हाताळता येणाऱ्या क्रमांकांची यादी असते, आणि सहसा दोन्ही जुळले तरच ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतो. म्हणून डिस्क न दिसण्याची कारणे एकमेकांपासून अगदी वेगळी असू शकतात. कार्डाचा क्रमांक यादीत कधी आलाच नसेल, किंवा यादीत होता पण वितरणाने तो काढून टाकला असेल. ड्रायव्हर बसला असेल, पण कार्डाचे फर्मवेअर (कार्डातला स्वतःचा प्रोग्राम) डिस्का स्वतःच्या रेड व्यवस्थेमागे झाकून ठेवत असेल. डिस्कच अशा आकाराच्या सेक्टरांत (डेटाच्या छोट्या तुकड्यांत) बांधलेली असेल, की कर्नेल ती वापरू शकत नाही. किंवा मग ड्रायव्हर अस्तित्वातच नसेल. ‘एलएसपीसीआय’ हा आदेश क्रमांक आणि ड्रायव्हरची माहिती मागणाऱ्या पर्यायांसह चालवला आणि बूट होतानाचा कर्नेलचा लॉग शांतपणे वाचला, तर बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते. ते मिळण्यापूर्वी कार्डाला किंवा डिस्कला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे, आणि नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तोच आधी शिकवतो.

आमचे नाव झाले ते एलएसआय या कंपनीच्या ‘एसएएस २००८’ या चिपवर बांधलेल्या कार्डांमुळे. ही चिप एलएसआयच्या स्वतःच्या ९२११-८आय या कार्डावर होती, तशीच आयबीएमच्या एम१०१५ वर आणि डेलच्या एच२०० व एच३१० वरही होती. चिप तीच, पण फर्मवेअर वेगळे. रेडचे फर्मवेअर असलेले कार्ड डिस्कांचे गट बांधून प्रणालीला एक आभासी डिस्क दाखवते, तर ‘आयटी मोड’ म्हणून ओळखले जाणारे फर्मवेअर प्रत्येक डिस्क जशीच्या तशी पुढे करते. झेडएफएस ही फाइल प्रणाली लोकप्रिय झाली तशी या दुसऱ्या प्रकारची मागणी वाढली, कारण झेडएफएस स्वतःच चेकसम (डेटा पडताळण्याचे आकडे) ठेवते, खराब झालेला भाग दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करते, आणि त्यासाठी तिला मधल्या पडद्याशिवाय थेट डिस्क हवी असते. शिवाय असा पूल, म्हणजे झेडएफएसने एकत्र बांधलेला डिस्कांचा गट, उद्या वेगळ्याच कंट्रोलरवर नेऊन जोडला तरी उघडतो. आमच्या ग्राहकांच्या दृष्टीने हा लाभ वेगापेक्षाही मोठा आहे.

हे फर्मवेअर बदलण्याचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा नाजूक आहे. कार्ड टेबलावर आले की प्रथम त्यावरच्या स्टिकरवरचा सोळा षोडशमान अंकांचा एसएएस पत्ता वहीत उतरवायचा, कारण पुढे तो चिपमधून पुसला जाणार असतो. त्यानंतर ‘मेगारेक’ या प्रोग्रामने कार्डावरील एसबीआर, म्हणजे कार्ड स्वतःची ओळख जिथून वाचते तो छोटासा रॉम, वाचून त्याची प्रत जपून ठेवायची. मग तिथे रिकामा एसबीआर लिहायचा, फ्लॅश (फर्मवेअर साठवणारी स्मृती) पुसायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. या टप्प्यावर कार्डात जुने फर्मवेअर उरलेले नसते आणि नवे अजून आलेले नसते. म्हणून हे काम आम्ही केवळ यूपीएसवर असलेल्या यंत्रावरच करतो आणि तेवढ्या वेळात त्या टेबलावर दुसरे कोणतेही काम घेत नाही. पुढे ‘सास२फ्लॅश’ने नवे फर्मवेअर चढवायचे असते, परंतु अनेक मदरबोर्डांवर त्याची डॉस आवृत्ती ‘फेल्ड टू इनिशिअलाइज पाल’ असे म्हणून थांबते. तो संदेश वाचून कार्ड गेले, असे समजण्याचे कारण नसते. त्याच प्रोग्रामची ईएफआय आवृत्ती ईएफआय शेलमधून (प्रणाली सुरू होण्यापूर्वी मदरबोर्डला आदेश देण्याच्या पडद्यावरून) चालवली की काम पुढे जाते. शेवटी वहीतला पत्ता परत लिहायचा. फर्मवेअरच्या पी२० मालिकेतील सुरुवातीच्या आवृत्त्यांनी अनेकांना त्रास दिलेला असल्याने आम्ही २०.००.०७.०० हीच आवृत्ती वापरतो. लिनक्स सुरू झाल्यावर लॉगमध्ये ‘एलएसआयएसएएस२००८’ आणि त्यापुढे हा आवृत्ती क्रमांक असलेली ओळ दिसली, आणि तिच्याखाली एकेक डिस्क आपल्या मॉडेल क्रमांकासह उमटू लागली, की काम झाले. या डिस्कांवर बूट करायचे नसेल, तर कार्डाचा बूट रॉम आम्ही चढवतच नाही. त्यामुळे यंत्र लवकर सुरू होते आणि बिघडण्याजोगी एक गोष्ट कमी होते.

कार्ड चालू झाले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. या चिपा सर्व्हरच्या पेटीतील जोरदार वाऱ्याचा हिशेब धरून बनवलेल्या आहेत. साध्या टॉवर पेटीत हीट सिंकवर स्वतंत्र पंखा लावल्याशिवाय आम्ही ते यंत्र ग्राहकाला देत नाही. काही सर्व्हर साठवणुकीसाठी राखलेल्या स्लॉटमध्ये आपल्याच कंपनीची ओळख सांगणारे कार्ड मागतात आणि ते न मिळाल्यास बूटच होत नाहीत. तिथे कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवावे लागते. उलट बाजूने, डेलची काही कार्डे साध्या मदरबोर्डवर लावली की यंत्र सुरू होत नाही. अशा वेळी कार्डाच्या कडेवरील एसएमबसच्या (यंत्राच्या देखरेखीसाठीच्या जोडमार्गाच्या) बी५ आणि बी६ या दोन पिना उष्णतारोधक कॅप्टॉन टेपच्या बारीक पट्टीने झाकल्या की अडथळा दूर होतो.

मोठ्या स्टोरेज अॅरेमधून (अनेक डिस्कांच्या साठवणूक यंत्रणेतून) काढलेल्या एसएएस डिस्कांचे प्रकरण याहून निराळे होते. त्या पूर्ण निरोगी असत, कंट्रोलर त्यांना ओळखे, त्यांचे नाव आणि तापमानही वाचता येई, परंतु त्यांची क्षमता शून्य दिसे आणि लॉगमध्ये ‘अनसपोर्टेड सेक्टर साइज ५२०’ अशी ओळ येई. अनेक अॅरे प्रत्येक ५१२ बाइटमागे आणखी आठ बाइट तपासणीच्या माहितीसाठी ठेवतात आणि डिस्क तशीच ५२० बाइटच्या सेक्टरांत बांधलेली असते. लिनक्सच्या डिस्क ड्रायव्हरला हा आकार चालत नाही. ‘एसजी३_यूटिल्स’ या संचातील ‘एसजी_फॉरमॅट’ आदेशाने डिस्क ५१२ बाइटच्या सेक्टरांत नव्याने बांधता येते. हे काम डिस्क स्वतःच करते, मोठ्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात, आणि ते मध्येच तुटले तर डिस्क ‘फॉरमॅट बिघडलेले’ अशी तक्रार करत बसते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. म्हणून या डिस्का आम्ही एका बाजूच्या यंत्रात बसवतो, त्यावर कामाची सूचना चिकटवतो आणि दर थोड्या वेळाने प्रगतीची टक्केवारी पाहून वहीत लिहितो. यात डिस्कवरचे सर्व काही पुसले जाते, हे ग्राहकाकडून लेखी मान्य करून घेतल्याखेरीज आम्ही हा आदेश देत नाही. अॅरेमधला जुना डेटा कोणाला हवा असेल, तर तो अॅरे चालू असतानाच काढून घ्या, असे आम्ही आधी सांगतो.

व्यवसायाला खरे वळण मिळाले ते २०१९ मध्ये. त्या वर्षी आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये जुन्या कंट्रोलरांचे अनेक क्रमांक ड्रायव्हरच्या याद्यांतून वगळलेले होते आणि त्यांत आमचे ‘एसएएस २००८’ही होते. मूळ लिनक्स कर्नेलमध्ये ‘एमपीटी३सास’ हा ड्रायव्हर त्या चिपला पूर्वीप्रमाणेच सांभाळत होता, फक्त या वितरणाच्या कर्नेलमध्ये तो तिला ओळख देत नव्हता. वितरणाची बाजूही समजण्यासारखी आहे. दहा वर्षे जबाबदारी घ्यायची, तर प्रयोगशाळेत तपासता येईल तेवढ्याचीच घेता येते. परंतु ज्यांची यंत्रे आवृत्ती ७ वर बिनतक्रार चालत होती, त्यांना नव्या इन्स्टॉलरमध्ये डिस्का दिसेनाशा झाल्या, आणि त्यांच्यापैकी अनेकजण आमच्याकडे आले.

रेड हॅटसारख्या वितरणांसाठी ड्रायव्हर पुरवणाऱ्या इलरेपो या प्रकल्पाने अशा कार्डांसाठी ड्रायव्हर डिस्का आणि केमॉड (कर्नेलला बाहेरून जोडायचे ड्रायव्हर) पॅकेजेस तयार केली होती. बूट करताना ‘इन्स्ट.डीडी’ हा पर्याय देऊन ती डिस्क वाचवली की इन्स्टॉलरला कंट्रोलर दिसतो, आणि बसवलेल्या प्रणालीतही तो ड्रायव्हर राहतो. खरी काळजी पुढच्या अद्ययावतीकरणांची असते. एकाच उपआवृत्तीतील कर्नेल बदलले तरी केमॉड सहसा टिकतो, पण उपआवृत्ती बदलताना तो जुळेनासा होऊ शकतो, आणि मूळ डिस्कच त्या कंट्रोलरवर असेल तर यंत्र बूटच होत नाही. त्यामुळे आम्ही दोन सवयी लावून घेतल्या. एक म्हणजे ज्या प्रत्येक प्रकारचे कार्ड आम्ही ग्राहकाकडे बसवतो, तेच कार्ड आमच्या चाचणी यंत्रातही असते, आणि नवे कर्नेल आधी तिथे बूट होते. दुसरी म्हणजे प्रणालीची डिस्क शक्यतो मदरबोर्डच्या साध्या साटा पोर्टवर ठेवायची आणि संशयित कंट्रोलरवर फक्त डेटा ठेवायचा. कंट्रोलर रुसला तरी यंत्र उठते, दूरवरून आत जाता येते आणि दुरुस्ती करता येते. पुढे २०२४ मध्ये रेड हॅटशी सुसंगत असलेल्या अल्मालिनक्स या वितरणाने ९.४ या आवृत्तीत अशा वगळलेल्या अनेक उपकरणांचे क्रमांक पुन्हा जोडले, तेव्हा आमच्या बऱ्याच ग्राहकांची यंत्रे बाहेरच्या ड्रायव्हरशिवाय चालू लागली. त्या दिवशी आमच्या कार्यशाळेत खरोखर आनंद होता.

ज्या कामाचा आम्हाला सर्वाधिक अभिमान आहे, ते आकाराने सर्वांत लहान आहे. एका ग्राहकाकडचे साटा कार्ड कोणताच ड्रायव्हर घेत नव्हता. कर्नेलचा ‘एएचसीआय’ (साटा कंट्रोलरांचे सामायिक मानक) ड्रायव्हर स्वतःला एएचसीआय वर्गाचे म्हणवणारे कोणतेही कार्ड स्वीकारतो, परंतु हे कार्ड स्वतःला रेड वर्गाचे म्हणवत होते, आणि अशा कार्डांना त्यांचा क्रमांक यादीत असल्याखेरीज प्रवेश नसतो. चालू प्रणालीत ड्रायव्हरच्या ‘न्यू_आयडी’ या फाइलमध्ये कार्डाचा क्रमांक लिहिला की ड्रायव्हर ते कार्ड तात्पुरते स्वीकारून पाहतो. आम्ही तसे केले आणि डिस्का लगेच दिसल्या. त्यानंतर लिहिणे, वाचणे, चालू यंत्रातून डिस्क काढून परत लावणे, यंत्र झोपवून उठवणे, या सगळ्या चाचण्या पार पडल्यावर एका ओळीचा बदल तयार केला, चाचण्यांचा तपशील लिहिला, त्याखाली नियमाप्रमाणे सही करून तो कर्नेलच्या त्या विभागाच्या देखभालकर्त्यांकडे पाठवला. त्यांनी वर्णनात सुधारणा सुचवल्या, त्या केल्यावर बदल स्वीकारला गेला. आता ते कार्ड असलेल्या कोणालाही काही करावे लागत नाही. ग्राहकाकडे स्वतंत्र ड्रायव्हर बांधून देऊन दर अद्ययावतीकरणाला त्याचे शुल्क घेता आले असते, परंतु मूळ कर्नेलमध्ये जाऊ शकणारे काम आपल्याकडे अडवून ठेवायचे नाही, हे आम्ही तेव्हाच ठरवले आणि ते आजवर पाळले आहे.

काही कामे आम्ही नाकारतो. ज्या कार्डाचा ड्रायव्हर केवळ उत्पादकाच्या बंद फाइलच्या रूपात आणि एखाद्या जुन्या कर्नेलपुरताच मिळतो, त्यावर कोणाचा डेटा ठेवायला आम्ही तयार होत नाही, मग ग्राहक कितीही आग्रह करो. २००५ मध्ये ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या प्रकल्पाने अॅडॅप्टेक कंपनीच्या रेड कंट्रोलरांचा ड्रायव्हर आपल्या मूळ कर्नेलमधून काढला होता, कारण त्यांना हवे असलेले दस्तऐवज कंपनीकडून मिळत नव्हते आणि त्यांच्याशिवाय ड्रायव्हर नीट सांभाळणे शक्य नव्हते. तो निर्णय कठोर होता, पण आमच्या मते योग्यच होता. डिस्क तुटली आहे की नाही हेच सांगता येत नसलेला कंट्रोलर चालू स्थितीत असणे, तो बंद असण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे.

सध्या आमचा बराच वेळ ट्राय-मोड कंट्रोलरांवर जातो. एकाच कार्डाला एसएएस, साटा आणि एनव्हीएमई (एरवी थेट पीसीआयला जोडल्या जाणाऱ्या वेगवान डिस्का) अशा तिन्ही प्रकारच्या डिस्का जोडता येतात. मात्र त्यामागची एनव्हीएमई डिस्क लिनक्सला एनव्हीएमई म्हणून न दिसता स्कझी (एसएएसमागची जुनी आदेशपद्धत) डिस्क म्हणून दिसते, आणि तिची झीज किंवा शिल्लक आयुष्य सांगणारी नेहमीची एनव्हीएमई साधने तिथे सरळ चालत नाहीत. म्हणून ज्या ग्राहकांना एनव्हीएमईच हवी आहे, त्यांना आम्ही आज ती पीसीआयला थेट जोडून देतो. ट्राय-मोड कार्डे आमच्या चाचणी यंत्रात लावलेली आहेत. त्यांच्यामागच्या डिस्कची प्रकृती बाहेरून विश्वासाने वाचता येऊ लागेपर्यंत ती ग्राहकाच्या यंत्रात जाणार नाहीत.