लकी अली, रिदम हाऊस आणि ४८ कोटी

गायक लकी अली पुन्हा एवढा चालेल असं २०१० च्या आसपास कुणी म्हणालं असतं ना, तर त्याला मी चहा पाजून घरी पाठवलं असतं. म्हणजे आवडायचा तेव्हाही, पण तो आता "आपला" झालेला होता, आपला म्हणजे चाळिशीकडे झुकलेल्या लोकांचा, रात्री जेवणं झाल्यावर कुणीतरी गिटार काढली की आठवणारा. आणि आता माझी भाची मला विचारते, मावशी तुला लकी अली माहितीये का? अगं बाई! तू जन्मायच्या आधी तुझ्या आईने त्याच्या कॅसेटची साईड ए झिजवलीये.

गंमत अशी की हा माणूस पहिल्यांदा गाजला तेव्हाही तसा उशिराच गाजला होता. १९९६ मध्ये 'सुनो' हा अल्बम आला तेव्हा तो अडतिशीचा, मेहमूदचा मुलगा ही एवढीच ओळख, आणि इंडीपॉपचा, म्हणजे सिनेमाबाहेरच्या पॉप गाण्यांचा, सगळा बाजार तेव्हा चकाचक तरुण चेहऱ्यांचा. आदल्याच वर्षी अलिशा चिनॉयने 'मेड इन इंडिया'ने धुमाकूळ घातलेला, मिलिंद सोमण त्या व्हिडिओत लाकडी खोक्यातून निघाला होता आणि आमच्या कॉलनीतल्या यच्चयावत पोरींचं अभ्यासातलं लक्ष उडालं होतं. त्याच्याही आधी बाबा सेहगल. केबलवर चॅनल व्ही, मग एमटीव्ही, दिवसभर हेच. त्यात हा व्हिडिओत इजिप्तमध्ये वाळूतून हिंडणारा, हसू न येणारा माणूस, आणि आवाज असा की आईने स्वयंपाकघरातून विचारलं, याला सर्दी झालीये का? तिचं चूक नव्हतं. सूर लागतोय की निसटतोय ते कळायचं नाही, पण 'ओ सनम' एकदा डोक्यात बसलं की आठवडाभर उठायचं नाही.

आता कॅसेट घ्यायची कुठे. नाक्यावरचा कॅसेटवाला होताच, तो कोऱ्या कॅसेटवर आपण दिलेल्या यादीप्रमाणे गाणी भरून द्यायचा, अर्थात बेकायदा, पण ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी काय फरक पडला असता. खरी कॅसेट, म्हणजे कव्हर उघडलं की आत घडी घातलेला कागद असलेली, ती घ्यायला मात्र रिदम हाऊसला जायचं. काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरचा कोपरा. १९४८ पासूनचं दुकान, कर्मली कुटुंबाचं. डोंबिवलीहून व्हीटीला उतरायचं, फोर्टातून चालत जायचं, कॅसेट तीच, छापील किंमतही तीच, वर ट्रेनचं तिकीट आणि भूक लागते म्हणून सँडविच, त्यामुळे हिशेबाने बघितलं तर शुद्ध वेडेपणा. पण तिथे ऐकायला मिळायचं! आणि काउंटरवरच्या माणसांना गाण्याचं नाव माहीत नसलं तरी चालायचं, नुसतं गुणगुणलं की हात बरोबर त्या खणात. एकीकडे कुणी पारशी आजोबा वेस्टर्न क्लासिकल चाळतायत, शेजारी कुणी भीमसेन मागतंय, त्याच्या शेजारी आम्ही, तासभर ऐकून शेवटी एक कॅसेट घेणाऱ्या. कुणी हाकललं नाही कधी.

ऐकू देणं आणि विकलं जाणं याचं गणित तेव्हा जुळत होतं कारण ऐकायची दुसरी सोयच नव्हती. ते गणित मोडलं आणि गायकाचं नि दुकानाचं, दोघांचंही बिनसलं. २००० साली 'कहो ना प्यार है' आला, त्यातली लकी अलीची दोन्ही गाणी तुफान चालली, त्याला फिल्मफेअरही मिळालं, पण मला वाटतं इंडीपॉपचा निरोपसमारंभ तिथेच सुरू झाला होता. चॅनलवाल्यांच्या लक्षात आलं की सिनेमाची गाणी निर्मातेच जाहिरातीसाठी वाजवून घेतात, मग अल्बमच्या व्हिडिओला कोण विचारतो. कंपन्यांनी नवीन पोरांवर पैसे लावणं बंद केलं, त्यापेक्षा जुन्या गाण्यांचे रिमिक्स स्वस्त. अलिशा 'कजरा रे' गाऊन सिनेमातच परतली. लकी अलीचे अल्बम येत राहिले, पण कधी आले ते कळायचंही नाही. तो बंगळुरूकडे शेतीत रमला असं कानावर यायचं.

तिकडे दुकानाचं काय, तर स्टेशनबाहेर फूटपाथवर शंभर-शंभर गाण्यांची एमपीथ्री सीडी. एका सीडीत अख्खा लकी अली, वर कुमार सानू फुकट. मोझर बेअरने २००७ मध्ये सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांत आणली तेव्हा तर फूटपाथवालेसुद्धा दचकले असतील. मग फोनमध्येच गाणी. गाण्यांच्या दुकानांच्या मोठमोठ्या साखळ्याही टिकल्या नाहीत, व्हीटीसमोरचा तो एवढाला प्लॅनेट एम आठवतो ना, आणि कोलकात्याचं पार्क स्ट्रीटवरचं म्युझिक वर्ल्ड २०१३ मध्ये गेलं. रिदम हाऊसने आपल्या परीने सगळं केलं, सीडी झाल्या, डीव्हीडी झाल्या, पण प्रत्येक नवीन वस्तू आधीच्यापेक्षा लवकर म्हातारी व्हायची. कॅसेटने वीस-पंचवीस वर्षं तरी पोसलं, डीव्हीडीने किती?

फेब्रुवारी २०१६ अखेर ते बंद झालं. त्या महिन्यात सगळे रडले, मीही. पेपरात लेखावर लेख, दुकानात ही गर्दी, फोटो काढायला रांगा. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आता जास्तच वाटतं, की त्या गर्दीतल्या निम्म्या लोकांनी दरवर्षी एक सीडी घेतली असती तरी दुकान वाचलं नसतं. आपल्याला उगाच अपराधी वाटून घ्यायची हौस असते. (जाता जाता, काळा घोडा चौकातला मूळ पुतळा, सातव्या एडवर्डचा, १९६५ मध्ये उचलून राणीच्या बागेत नेला होता. त्याच्या जागी नवा घोडा, स्वाराशिवायचा, आला २०१७ मध्ये. म्हणजे दुकान गेलं आणि दुसऱ्या वर्षी घोडा आला. मुंबई!)

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या रिकाम्या गाळ्याचं नशीब काय काढलं बघा. आधी तो घेतला नीरव मोदीच्या कंपनीने, तिथे बहुतेक हिरे चमकले असते, पण २०१८ मध्ये पीएनबीचा घोटाळा फुटला आणि ईडीने इतर मालमत्तांबरोबर यालाही टाळं ठोकलं. आनंद महिंद्रांनी तेव्हा ट्विट केलं होतं की आपण मुंबईकरांनी मिळून हे विकत घेऊ, नव्या गायकवादकांसाठी जागा करू. लोकांनी भरभरून लाइक केलं, मीसुद्धा, लाइकला काय पैसे पडतात. शेवटी २०२५ च्या सुरुवातीला बातमी आली की सोनम कपूरच्या सासरच्या, म्हणजे आनंद आहुजांच्या घरच्या कंपनीने ते घेतलं. जवळपास ४८ कोटींना.

मी लगेच कॅल्क्युलेटर काढला, सवयच वाईट. पन्नास रुपयाची कॅसेट धरली तर ४८ कोटी म्हणजे ९६ लाख कॅसेटी. नुसती विक्री हं, नफा नाही. तो कोपरा एकेक कॅसेट विकून जे जन्मात कमवू शकला नसता ते त्याने शटर पाडून कमवलं, आणि ते शटर पाडल्यामुळेच. म्हणजे दुकान तोट्यात गेलं आणि जागेला सोन्याचा भाव आला, आणि या दोन गोष्टी एकाच पत्त्यावर घडल्या. फोर्टातल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा, त्याला हे झोपेतही माहीत असतं, की आपण पुस्तकं विकतोय, चष्मे विकतोय ते ठीक, पण आपल्याकडची सगळ्यात महाग वस्तू पायाखाली आहे. तरीही जो माणूस रोज सकाळी शटर वर करतो त्याला माझा दंडवत.

गायकाचं बरोबर उलटं. त्याच्या पायाखाली काही नाही, जे आहे ते गळ्यात, आणि गळा कुणाला विकता येत नाही, ईडीला सील करता येत नाही. २०२० च्या अखेरीस, लॉकडाऊनने सगळे कावलेले असताना, गोव्यात हरमलला बासष्ट वर्षांचा लकी अली दाढी पिकलेली, डोक्याला टोपी, जमलेल्या लोकांसमोर गिटार घेऊन बसला आणि 'ओ सनम' गायला. कुणीतरी मोबाइलवर घेतलं. बस, एवढंच. कंपनी नाही, चॅनल नाही, इजिप्त नाही. आवाज जास्तच फाटलेला, आणि तो फाटका असणंच आता बरोबर वाटत होतं, अडतिशीत जे सर्दीसारखं वाटलं ते बासष्टीत शोभून दिसलं. तो व्हिडिओ माझ्याकडे एका सकाळीत सात ग्रुपांवरून आला, त्यातला एक सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा ग्रुप होता.

त्यानंतर पोरं त्याच्या मागे. आणि ही पोरं अल्बम घेत नाहीत, घेणार कुठून, त्यांना गाणी फोनवर जवळजवळ फुकट, पैसे मोजतात ते माणूस समोर बघायला. त्यामुळे लकी अलीचं दुसऱ्यांदा नशीब उघडलं त्यात कॅसेटवाल्याच्या वाट्याला एक छदाम नाही. पहिल्या वेळी तो मधला माणूस होता, त्याच्याशिवाय गाणं घरी येत नव्हतं. आता मधला माणूस आहेच, नाही असं नाही, फक्त तो बोलत नाही, गुणगुणलेलं ओळखत नाही आणि तासभर फुकट उभं राहू देत नाही.

भाचीला त्याच्या कार्यक्रमाची तिकिटं हवी होती म्हणून मी ॲपवर बसले. पूर्वी अशी तिकिटंसुद्धा रिदम हाऊसच्या काउंटरवर मिळायची, नाटकांची, मैफलींची, पैसे द्यायचे आणि कागद घेऊन निघायचं. इथे आधी रांग, म्हणजे घरात सोफ्यावर बसून रांग, तुमच्या पुढे इतके हजार लोक आहेत म्हणे. मग दोन तिकिटं, त्यावर जीएसटी, आणि त्याखाली बारीक अक्षरात कन्व्हिनियन्स फी. फी तेवढी बघितली मी नीट. तेवढ्यात तेव्हा लकी अलीच्या चार कॅसेटी आल्या असत्या, आणि सँडविच. भाची म्हणाली मावशी टाइमर चालू आहे, हिशेब नंतर कर.

भरले मग.