वांगणीत दिसला तो ठिपका, व्हेस्टा सापडला दुसऱ्या रात्री

२६ एप्रिल २०२५, शनिवार. दुसऱ्या दिवशी चैत्री अमावास्या, २ मेला व्हेस्टा या लघुग्रहाची प्रतियुती, म्हणजे पृथ्वीवरून पाहताना तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला. कर्जत लोकलने बदलापूरच्या पुढचं स्टेशन, वांगणी. तिथे आकाशदर्शन. वायव्येचं आकाश बदलापूरच्या दिव्यांनी केव्हाच खाल्लंय. पूर्व-आग्नेय अजून बरी. डासांबद्दल न बोललेलंच बरं.

व्हेस्टा साधारण ५.७ प्रतीचा (प्रतीचा आकडा मोठा तितका ठिपका मंद), तूळ राशीत. नुसत्या डोळ्यांनी काही दिसला नाही, १०x५० (दहापट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिमी भिंगांच्या) द्विनेत्रीत लगेच दिसला. पण सुईच्या टोकाएवढा, शेजारच्या ताऱ्यांसारखाच! रांगेतल्या प्रत्येकाचा प्रश्न तोच: "हाच का?" राग येण्यासारखं काही नाही. व्यास सुमारे ५२५ किमी, अंतर १७ कोटी किमी. एवढ्यावरून चकती दिसणारच नाही. दक्षिण ध्रुवावरचं ५०० किमीचं ऱ्हियासिल्व्हिया विवर नासाच्या डॉन यानाने २०११-१२ मध्ये भोवती फिरून दाखवलं. ते इथून शोधू नये.

लघुग्रह ओळखायचा तो चालीवरून. त्यासाठी कागदावर १३ सेंमी व्यासाचं वर्तुळ काढायचं. द्विनेत्रीत एका वेळी दिसणारं क्षेत्र ६.५ अंश, म्हणजे १ अंशाला २ सेंमी. प्रतियुतीच्या सुमारास व्हेस्टा चोवीस तासांत पाव अंश सरकतो, कागदावर अर्धा सेंमी. हौसेने खिशातल्या वहीत ४ सेंमीचं वर्तुळ काढलं तर सरक दीड मिलिमीटर, ती पेन्सिलीच्या चुकीतच हरवते. द्विनेत्री ट्रायपॉडवरच हवी. हातात धरली की ठिपके नाचतात. वर्तुळात आधी ठळक तारे मांडायचे, मग मधले मंद. वेळ लिहायची. बॅटरीला लाल जिलेटीन. कुणी मोबाईल उघडला की डोळे पुन्हा अंधाराला सरावेपर्यंत पुढची वीस मिनिटं वाया, आणि वांगणीत दर दहा मिनिटांनी कुणीतरी उघडतोच. न्यूटनियन (आरशाची, उलटं दाखवणारी) दुर्बीण असेल तर नकाशा उलटा धरावा, नाहीतर अर्धी रात्र भलत्याच ताऱ्याच्या मागे जाते.

रविवारी पुन्हा वांगणी कोण करणार? गच्चीवरूनच पाहिलं. मंद तारे गेले, सहा ठळक उरले, तेवढे पुरतात. वेळ मात्र तीच धरली, साडेदहा, म्हणजे क्षेत्र फिरलेलं नसतं. पाच ठिपके जागच्या जागी. सहावा अर्धा सेंमी वर, पश्चिमेकडे.