देवगिरीचे ताल ऐकायला पुण्याला गेले त्याची गोष्ट

सकाळी साडेसातची एसटी पकडली आणि वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरले तेव्हा दोन वाजून गेले होते. संभाजीनगर ते पुणे तसं अडीचशेच्या आतच किलोमीटर, पण नगर गेलं, शिरूर गेलं की पुढे शिक्रापूर आणि वाघोलीला गाडी रांगत जाणार हे ठरलेलं. एका पन्नास मिनिटांच्या कार्यक्रमासाठी एवढा प्रवास? घरी सगळ्यांनी विचारलंच. तेव्हा नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

कार्यक्रम होता ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराच्या 'काळाच्या अंतासाठी क्वार्टेट' या रचनेचा. क्वार्टेट म्हणजे चार वाद्यांसाठीची रचना. क्लॅरिनेट, व्हायोलिन, सेलो आणि पियानो. मेसियाँ १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडला आणि ग्योर्लित्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याची रवानगी झाली, तिथे जे वादक सोबत होते त्यांची वाद्यं धरून त्याने लिहिलं, म्हणून ही चार. ब्र्यूल नावाच्या एका पहारेकऱ्याने त्याला कागद मिळवून दिला. १५ जानेवारी १९४१ ला, कडाक्याच्या थंडीत, छावणीतल्याच एका बराकीत कैद्यांसमोर ते पहिल्यांदा वाजलं.

पण मी गेले त्याचं कारण वेगळंय. मी चौदा वर्षं तबला शिकतेय आणि दोनेक वर्षांपूर्वी वाचताना कळलं की मेसियाँच्या लयीचं एक मूळ शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात आहे. त्यातल्या तालाध्यायात १२० देशी ताल दिलेत, त्यांची यादी एका फ्रेंच संगीतकोशात छापून आली होती आणि ती या माणसाच्या हाती लागली आणि त्याने आयुष्यभर सोडली नाही. आता शार्ङ्गदेव कुठला, तर तेराव्या शतकातला, यादवांच्या सिंघण राजाच्या पदरी, देवगिरीला. देवगिरी म्हणजे आमचं दौलताबाद हो! जिथून आम्ही भद्रा मारुतीला जाताना सीताफळं घेतो. ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी शाळेच्या सहलीत डबा खाल्लाय तिथले ताल जर्मनीतल्या कैद्याने लिहिले आणि ते पुण्यात वाजणार, मग मी घरी कशी बसणार?

मावशी सदाशिव पेठेत राहते. ती सवाई गंधर्वला दरवर्षी जाते, रमणबागेत व्हायचा तेव्हाही आणि आता मुकुंदनगरलाही. म्हटलं, मावशी तू पण चल. ती म्हणाली, "अगं मला त्यातलं काय कळणार?" मग कपाटातून इस्त्रीची साडी काढली.

जागा म्हणजे कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याचा दिवाणखाना. उंच छत, लाल फरशी, साठेक खुर्च्या, त्याही अर्धवर्तुळात, आणि आम्ही दुसऱ्या रांगेत म्हणजे सेलोवाल्यापासून सात-आठ फुटांवर. माईक नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे आता पन्नास माणसांच्या घरगुती बैठकीतही दोन स्पीकर लावतात आणि तबल्याची चाट कुठे आणि लव कुठे तेच कळत नाही, सगळं एकाच भिंतीतून येतं. इथे व्हायोलिन उजवीकडे वाजलं तर उजवीकडूनच ऐकू येत होतं. मुळात याला म्हणतात चेंबर म्युझिक, आणि चेंबर म्हणजे खोलीच ना, खोलीत वाजवायचं संगीत. आपल्या बैठकीचंही तेच होतं.

मार्चमधली संध्याकाळ, दिवस मावळतीला आलेला, खिडक्या उघड्या. पहिला भाग पहाटेचा आहे, क्लॅरिनेट आणि व्हायोलिन दोन पक्ष्यांसारखे बोलतात. आणि बाहेरच्या वडावर खरोखरचा तांबट पक्षी बसलेला, टुक टुक टुक टुक, एकसारखी मात्रा. मी मांडीवर बोटांनी पियानोचा ठेका धरायला बघत होते. वाचून गेले होते की पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल एकापुढे एक जोडून केलीय. त्यात १७ आघात, आणि त्यावर फिरणारे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले स्वरांचे गुच्छ, मात्र २९. म्हणजे बोल २९ चे आणि आवर्तन १७ चं, दोघं पुन्हा एकदम पहिल्या जागी यायला १७ ची २९ आवर्तनं व्हावी लागतील, आणि तो भाग त्याच्या कितीतरी आधीच संपतो. कागदावर हे गणित वाटतं. पण कानाला काय होतं तर तुम्ही समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघता, बघता, आणि ती येत नाही.

मावशी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "सम कुठंय गं?"

मी म्हटलं, नाहीच आहे.

आणि हे तिला सांगताना मलाच लख्ख कळलं. काळाचा अंत म्हणजे काय, बायबलमधला देवदूत येऊन सांगतो की आता काळ उरणार नाही, ते या माणसाने कसं केलं, तर आपले ताल घेतले आणि त्यातली सम काढून टाकली. आपण सगळे समेसाठी जगतो, तिहाई घेऊन समेवर आलो की अख्खा हॉल मान हलवतो. आणि बराकीत बसलेल्या कैद्याला मोजायचे दिवस नको होते. मला तरी ते तसंच ऐकू आलं.

तिसरा भाग एकट्या क्लॅरिनेटचा, पक्ष्यांची दरी. मूळचा क्लॅरिनेटवाला आनरी आकोका. हा एक भाग छावणीच्याही आधीचा; पकडले गेल्यावर, उघड्या माळावर, त्याने हा पहिल्यांदा वाजवून पाहिला आणि सेलोवादक पास्किए त्याच्यासमोर कागद धरून उभा होता. यात एक स्वर शून्यातून सुरू होतो आणि फुगत फुगत खोलीभर होतो. आमच्या वादकाचा स्वर सुरू झालाय हे मला आधी त्याच्या गळ्याची शीर ताठ झाली त्यावरून कळलं, आवाज नंतर आला. क्लॅरिनेटच्या चाव्यांची बारीक टकटक, श्वास घेताना नाकाचा आवाज, सगळं. तेवढ्यात तांबटही गप्प झाला, अंधार पडला होता.

पाचव्या भागात सेलो आणि पियानो. वर लिहिलेलं असतं 'अनंत संथ'. मी अतिविलंबित एकताल वाजवलाय, मला संथ म्हणजे काय माहितीय असं वाटायचं. पियानोवाली एकच कॉर्ड पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा, आणि सेलोवाल्याचा गज इतका हळू की केस तारेला घासताना दिसत होते. मावशीने माझा हात धरला आणि तो भाग संपेपर्यंत सोडला नाही.

सहावा मात्र दणदणीत, चारही वाद्यं एकच ओळ एकसाथ. त्यात उलटसुलट सारख्या लयी आहेत, आपल्या 'चिमा काय कामाची'सारख्या, कुठूनही वाचा तेच. शेवटच्या भागात व्हायोलिन वर वर जातं आणि तिथेच विरतं. टाळ्या लगेच नाही वाजल्या. पंख्याचा आवाज ऐकू आला इतका वेळ.

एक खंत आहे ती सांगतेच. वाटलेल्या पत्रकात फक्त 'प्राचीन हिंदू लयींचा वापर' एवढंच होतं. ग्रंथाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. फ्रान्स आलं, जर्मनी आलं, आणि इथून सहा-सात तासांवर जिथे हे लिहिलं गेलं ते नाही. पुण्यात तरी यायला हवं होतं.

म्हणून संपल्यावर चहाचा कप घेऊन मी पियानोवालीकडे गेले. धीर करून गेले. सांगितलं की मी त्या गावाजवळून आलेय. तिला शार्ङ्गदेव नाव माहीत होतं, देवगिरी अजून आहे आणि तिथे एसटी जाते हे माहीत नव्हतं. फोनवर नकाशा काढून दाखवला. तिने स्वरलिपीचं पुस्तक उघडलं, पहिल्या पानावर तिच्या पेन्सिलीच्या खुणाच खुणा, आणि पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणाली, इथे लिहा, तुमच्या लिपीत. मी पियानोच्या ओळीखाली 'देवगिरी' लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं, हात थरथरत होता.

रिक्षात मावशी बराच वेळ गप्प होती. लक्ष्मी रोडला आल्यावर म्हणाली, "ते तीन ताल कुठले म्हणालीस? परत सांग." रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश. ती बोटांवर मोजत राहिली. रविवारी सकाळी निघताना कयानीची श्रुजबेरी बिस्किटं पिशवीत घातली आणि म्हणाली, पुढच्या वेळी येशील तेव्हा डग्गा-तबला घेऊन ये, ते सतराचं मला हळू करून दाखव.