आमची वाटचाल : कॅलेंडरच्या पाठीवरच्या चार ओळी

हंगाम संपताना आमच्या गुऱ्हाळात एक आदण (रसाची एक खेप) वेगळं निघायचं. त्यात पावडर पडायची नाही. पावडर म्हणजे हायड्रॉस नावाचं रसायन. उकळत्या रसात टाकली की काळपटपणा जातो आणि गुळाचा रवा (ढेप) सोन्यासारखा पिवळा निघतो. हे शेवटचं आदण मात्र तपकिरी व्हायचं, आणि ते 'घरचं' असायचं. वर्षभराच्या चहाचं, पोळ्यांचं, बाळंतिणीच्या लाडवांचं. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात बायकोनं विचारलं, "हा आपल्या घरचा, मग तो पिवळा कुणाच्या घरचा?" मी हसण्यावारी नेलं. चांगलं बारा वर्षं नेलं.

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि आमचे आजोबा बैलगाडीनं तिथंच गूळ न्यायचे. पुढं आण्णांनी, माझ्या वडिलांनी, काहील (रस उकळायची कढई) मोठी केली, चरकाला मोटर बसवली. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर झालो आणि गुऱ्हाळाकडं रविवारचा पाहुणा म्हणून जाऊ लागलो. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले. सौद्यात, म्हणजे गुळाच्या लिलावात, मात्र बोली आधीही रंगावर लागायची, नंतरही रंगावरच.

ऑगस्ट 2019 मध्ये पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे, पाणी 55 च्या वर गेलं. ओसरल्यावर बघितलं तर चुलवाण (काहिलीखालची भट्टी) बसलेलं, चिपाडाची गंजी वाहून गेलेली, आणि काहील तीन शेतं पलीकडं एका बांधाला पालथी अडकलेली. ती सरळ करायला आठ माणसं लागली.

मग सल्ले सुरू झाले. चुलते म्हणाले, ऊस कारखान्याला घाल, एफआरपी (उसाचा किमान दर) ठरलेली आहे, डोक्याला ताप नाही. मित्र म्हणाले, आजोबांचं नाव आहे, बंद कसं करतोस? आण्णा काहीच बोलायचे नाहीत, रोज चुलवाणापाशी जाऊन उभे राहायचे. मला तर रागच आला होता, पुराचा, गुळाच्या दराचा, सगळ्याचा. त्या रागात दोनदा ठरवलं की आता चालू करूनच दाखवतो, आणि दोनदा ठरवलं की विकून टाकतो. आज वाटतं, त्या चारही वेळा मी काहीच ठरवलेलं नव्हतं. लोकांना काय दिसेल एवढंच डोक्यात होतं.

दिवाळीनंतर एका रात्री बायकोनं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, उलटं केलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "काय करायचं ते नंतर बघू. कशासाठी करायचं ते आधी लिहा." तासभर काही सुचलं नाही. मग तिचा बारा वर्षांपूर्वीचा प्रश्न आठवला, आणि पहिली ओळ झाली : घरात खातो तोच गूळ विकायचा. हे जमत नसेल तर कारखाना बरा.

उरलेल्या तीन ओळी एवढ्या सुंदर नाहीत, पण आम्हाला त्यांनीच तारलं. शेत तारण ठेवायचं नाही. नोकरी सोडायची नाही, निदान पहिले दोन हंगाम. आणि तिसऱ्या हंगामातही पदरचे पैसे घालावे लागले तर काहील विकायची, रडत बसायचं नाही. नोकरीवर लाथ मारून धंद्यात उडी घेतली, अशी गोष्ट लोकांना ऐकायला आवडते. मी उडी घेतली नाही, पायरी पायरीनं उतरलो. आमच्या पट्ट्यात धंदे बुडालेले मी जवळून पाहिलेत. त्यातले बरेचसे चालू करताना चुकले नव्हते. थांबायचं कधी, हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

लिहिलं ते माणसांना तोंडावर सांगणं अवघड. आमच्या अडत्या शेठांकडं दोन पिढ्यांचं खातं. हंगामाआधी उचल द्यायचे, बहिणीच्या लग्नाला मागितली त्यापेक्षा जास्त दिली होती. त्यांच्यासमोर बसून म्हणालो, "शेठ, आधी तुमची उचल फेडतो. त्यानंतर किलोकिलोच्या वड्या करून थेट विकणार आहे." ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "उचल सावकाश दे," म्हणाले, "पण तीस किलोचा रवा सोडून वड्या? खुळा हाईस काय रे?" आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. उचल फेडायला सतरा महिने लागले.

गुळव्या मामांचं त्याहून वाईट झालं. नात्यानं मामा नाहीत, पण मी चड्डीत होतो तेव्हापासून आमच्या काहिलीवर. भेंडीचा चिकट रस टाकून रसातली मळी कशी वर आणायची, चुना किती, चूल कधी ओढायची, सगळं त्यांच्या नजरेत. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळायचे आणि नुसत्या बोटानं सांगायचे, उतरा. पिवळा रवा ही त्यांची सही होती. पावडर बंद म्हटल्यावर ते म्हणाले, "तपकिरी रवा माझ्या हातचा म्हणून कुणाला सांगू नको." मी नियम सांगायला गेलो, की पावडरीतून गुळात उरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला किलोमागं 70 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि आपल्याकडं पावडर मुठीनं पडते. तिथं मी चुकलो. माणूस हातच्या कसबाबद्दल बोलत होता आणि मी मिलिग्रॅम सांगत होतो. ते दुसऱ्या गुऱ्हाळावर गेले.

गुऱ्हाळ जुन्या जागी बांधायचं नाही, वर माळावर न्यायचं, हे आण्णांना पटायला महिना गेला. ऊस वर ओढायचा म्हणजे ट्रॅक्टरचं डिझेल. शिवाय खाली म्हसोबा. शेवटी ते म्हणाले, "म्हसोबाला मी रोज जातो खाली. तुम्ही जावा वर." एवढ्यावर मिटलं.

पहिला हंगाम जानेवारी 2020 मध्ये, उशिरा सुरू झाला. वड्यांना गिऱ्हाईक नव्हतं म्हणून थोडे रवे सौद्याला नेलेच. पिवळ्यांच्या रांगेत आमचे तपकिरी, बोली सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात खाली. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. कामगारांची मजुरी माझ्या पगारातून गेली. त्याच काळात फाउंड्रीतल्या सहकाऱ्यांच्या पुण्या-ठाण्याच्या नातेवाइकांनी फोनवरून वड्या मागवायला सुरुवात केली, आणि वाहतूक थोडी सुटल्यावर आम्ही खोकी भरू लागलो.

पावसाळ्यात त्यातली निम्मी खोकी परत आली. गूळ पाघळला होता, काही वड्यांवर बुरशी. कारण साधं होतं. मामांच्या जागी आलेला पोरगा थर्मामीटर लावायचा, पण काट्यावर भरवसा ठेवून घाईनं उतरवायचा. काकवी (पातळ गूळ) 105-106 अंशाला उतरते, घट्ट गुळाला 118 च्या आसपास जावं लागतं. दोन-तीन अंश कमी पडले की ओल आत राहते आणि गूळ हवेतली ओल ओढतो. सगळ्यांना पैसे परत केले. शिवाय एकरी टनेज जास्त देणाऱ्या जातीच्या मागं न लागता गुळाला चांगला म्हणून ओळखला जाणारा को 92005 लावला आणि युरिया कमी केला, कारण जादा नत्राच्या उसाचा गूळ धड बसत नाही. टनाला साधारण 100 ते 120 किलो गूळ पडतो. टनेज घटलं की हिशेब लगेच बोलतो, आणि तो बोललाच. दुसऱ्या हंगामातही पदरचे गेले.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा 55 फुटांच्या वर गेलं. जुन्या जागेवरच्या राहिलेल्या भिंतीही गेल्या. माळावर चुलवाण कोरडं होतं. आण्णा पत्र्याखाली उभे राहून पाण्याकडं बघत होते. मी शेजारी उभा होतो. दोघंही काही बोललो नाही.

तिसऱ्या हंगामाचा हिशेब मे 2022 मध्ये बायकोनं केला. मजुरी, चरकाची दुरुस्ती, खोकी, वाहतूक सगळं वजा जाता अकरा हजार रुपये उरले. तिनं तीनदा बेरीज केली. अकरा हजारात काही होत नाही, पण पदरचे घालावे लागले नव्हते, म्हणून काहील राहिली. नोकरी मी त्यानंतर आणखी एक वर्षानं सोडली.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं सगळा माल त्याच्या नावानं मागितला. भाव बरा होता. अट एकच : प्रत्येक वडीचा रंग सारखा हवा. पावडरीशिवाय ते होत नाही, ऊस बदलला की रंग बदलतो. त्या रात्री कॅलेंडर काढलं. चार ओळींतल्या तीन आता जुन्या झाल्यात, पहिली वाचली आणि त्याला नाही कळवलं. सकाळपर्यंत मला त्या भावाची हळहळ होती, ती अजूनही अधूनमधून येते.

मागच्या मार्गशीर्षात मामा आले. काकवी न्यायला आलो म्हणाले. वाफ्यात (गूळ गार करायच्या हौदात) नुकतंच आदण ओतलं होतं. त्यांनी बोटावर थोडा गूळ घेतला, जिभेवर ठेवला, पोराकडं न बघता चुलीकडं बघितलं. "शेवटाला जाळ जादा झाला," म्हणाले, आणि बरणी घेऊन निघाले. मी जाऊन बघितलं. जाळ जादाच झाला होता.